रक्तातील निदर्शक आणि गुदाशयाचा कर्करोग : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा जो अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात देशातील २८ लोकसंख्याधिष्ठित नोंदणी केंद्रांची आकडेवारी दिलेली आहे. या सर्व केंद्रांत कर्करोगाचा सर्वांत कमी दर उस्मानाबाद व बीड या दोन जिल्ह्यांच्या संयुक्त नोंदणीत आढळला. वयोमानानुसार समायोजित केलेला हा दर, दर लाख पुरुषांमागे ३९·५ व दर लाख स्त्रियांमागे ४९·४ असा आहे. त्याच अहवालात मिझोरममधील ऐझॉल जिल्ह्यातील पुरुषांचा दर २६९·४, तर अरुणाचल प्रदेशातील पापुमपारे जिल्ह्यातील स्त्रियांचा दर २१९·८ इतका नोंदला आहे.

ज्या जिल्ह्यात हा रोगच इतका विरळ नोंदला जातो, त्या जिल्ह्याच्या संदर्भात गुदाशयाच्या कर्करोगाच्या रक्तनिदर्शकांचा विचार करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. त्याचे उत्तर असे की, रक्तनिदर्शकाची योग्यता ठरविताना पहिला प्रश्न नेमका हाच विचारावा लागतो : तो निदर्शक कोणत्या लोकसमूहात मोजला गेला, आणि त्या समूहात रोगाचे प्रमाण किती होते? रक्तात आढळणाऱ्या द्रव्यास स्वतःचा असा अर्थ नसतो. ज्यांच्यात ते मोजले गेले त्यांच्या गणनेतून त्यास अर्थ प्राप्त होतो. गेल्या साठ वर्षांतील या विषयाचा इतिहास म्हणजे हे तत्त्व विसरल्याचा, व पुढे पुष्कळ किंमत देऊन ते पुन्हा शिकल्याचा इतिहास होय. मराठवाड्यातील आणि त्याच्या सीमेवरील कर्करोग-नोंदणीचा इतिहास हा त्याच कथेचा दुसरा भाग आहे. या दोहोंचा मेळ घालून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

रक्तनिदर्शक या शब्दाने येथे दोन प्रकारच्या खुणा अभिप्रेत आहेत. गाठीतून निघून रक्तात उतरणारी द्रव्ये हा पहिला प्रकार. आणि हिमोग्लोबिन किंवा श्वेतपेशींचे परस्परप्रमाण यांसारखी, रोग्याच्या देहाची स्थिती दर्शविणारी मापे हा दुसरा. अशा खुणांवरून एखाद्या रोग्याची गाठ किरणोपचारास व औषधोपचारास कितपत दाद देईल हे आधी सांगता येईल काय, हा मूळ प्रश्न आहे.

२. भाकिताची गरज कशी उत्पन्न झाली

गुदाशयाच्या कर्करोगावरील उपचार दीर्घकाळ शस्त्रक्रियेपुरताच मर्यादित होता. लंडनचे शल्यविशारद अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ साली उदर व गुदद्वार अशा दोन्ही मार्गांनी शिरून संपूर्ण गुदाशय काढून टाकण्याची पद्धती वर्णन केली. रोग पुन्हा उद्भवू नये म्हणून आजूबाजूच्या लसिकाग्रंथीही काढावयाच्या, हे तिचे तत्त्व होते. परंतु तिची किंमत अशी की, रोग्यास जन्मभर पोटावर कृत्रिम मलमार्ग व त्यास जोडलेली पिशवी बाळगावी लागे. पुढे १९८२ मध्ये इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील आर. जे. हील्ड यांनी गुदाशयाभोवतीचे मेदयुक्त आवरण अखंड काढण्याचे महत्त्व दाखवून दिले, आणि स्थानिक पुनरुद्भवाचे प्रमाण केवळ शस्त्रक्रियेच्या शिस्तीने कमी होऊ शकते हे सिद्ध झाले.

शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार देण्याची कल्पना याच काळात दृढ झाली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील चाचणीत एका आठवड्यात पाच वेळा मिळून २५ ग्रे इतका किरणोपचार शस्त्रक्रियेपूर्वी दिला असता स्थानिक पुनरुद्भव २७ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीने किरण व औषध यांचा संयुक्त उपचार शस्त्रक्रियेनंतर देण्यापेक्षा आधी देणे हितावह असल्याचे दाखविले. तेथे स्थानिक पुनरुद्भवाचे प्रमाण अनुक्रमे १३ व ६ टक्के होते.

या आधीच्या उपचारामुळे एक अनपेक्षित गोष्ट निदर्शनास आली. काही रोग्यांच्या काढून टाकलेल्या गुदाशयात सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाची एकही पेशी सापडेना. २०१० मध्ये अनेक केंद्रांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात ३,१०५ रोग्यांपैकी ४८४, म्हणजे सुमारे १६ टक्के, रोग्यांच्या बाबतीत असे घडल्याचे दिसते. रोग नाहीसा झाला असता अवयव मात्र काढला गेला, असा याचा स्पष्ट अर्थ होतो. ब्राझीलमधील साओ पावलो येथील अँजेलिता हाब्र-गामा यांनी यावरून धाडसाचा निष्कर्ष काढला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २६५ रोग्यांपैकी ७१ जणांची गाठ उपचारानंतर पूर्णपणे विरघळलेली दिसल्याने त्यांच्यावर शस्त्रक्रिया न करता केवळ काटेकोर देखरेख ठेवण्यात आली होती. २०१८ मध्ये अनेक देशांतील अशा ८८० रोग्यांची माहिती एकत्र प्रसिद्ध झाली, तेव्हा दोन वर्षांच्या आत सुमारे एक चतुर्थांश रोग्यांत गाठ पुन्हा वाढल्याचे आढळले. म्हणजे तिघांचा गुदाशय वाचतो, तर चौथ्याच्या बाबतीत देखरेखीतील हयगय प्राणावर बेतू शकते.

येथून भाकिताची गरज उत्पन्न होते. कोणाचा अवयव राखावा व कोणाचा काढावा, हे आधी कळणे आवश्यक ठरते. बीड जिल्ह्यापुरता विचार केल्यास ही गरज अधिक तीव्र आहे. या जिल्ह्यातील लक्षावधी ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांच्या गाळप-हंगामासाठी गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. नवरा-बायकोची जोडी ‘कोयता’ या नावाने एक एकक म्हणून गणली जाते व पाचटाच्या कोपीत राहते. जेथे पाण्याची व शौचाची सोय नाही, तेथे पोटावरची पिशवी सांभाळून उसाची मोळी उचलणे जवळजवळ अशक्य होय. उलटपक्षी, अवयव राखण्याच्या मार्गात किरणोपचाराची सुमारे साडेपाच आठवड्यांची पाळी, त्यानंतर काही आठवड्यांची प्रतीक्षा, आणि पुढे निदान दोन वर्षे दर तीन महिन्यांची तपासणी चुकविता येत नाही. या दोन संकटांपैकी कोणते पत्करावे हे रोग्यास सांगणाऱ्याकडे खात्रीचा आधार हवा.

३. एका द्रव्याचा उदय आणि मर्यादा

कर्करोगाची खूण देहातील द्रवांत शोधण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न इंग्रज वैद्य हेन्री बेन्स जोन्स यांच्या नावाशी निगडित आहे. अस्थिमज्जेच्या कर्करोगाने ग्रस्त अशा एका रोग्याच्या मूत्रातील विलक्षण प्रथिनाचे वर्णन त्यांनी १८४० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध केले. तथापि आतड्यांच्या कर्करोगासाठी अशी खूण सापडण्यास आणखी शंभराहून अधिक वर्षे लागली.

१९६५ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची गाठ आणि त्याच रोग्याच्या आतड्याचा निरोगी भाग यांची प्रतिजनांच्या दृष्टीने तुलना केली. एकाच व्यक्तीच्या दोन ऊतींची तुलना केल्यामुळे व्यक्तीव्यक्तींतील भेदाचा प्रश्न निकालात निघाला. ही त्या प्रयोगाची खरी खुबी होय. गाठीत असलेले, निरोगी भागात न आढळणारे, परंतु गर्भावस्थेतील पचनमार्गात आढळणारे असे एक द्रव्य त्यांना मिळाले. म्हणून त्यास कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन, म्हणजे कर्करोग व गर्भ या दोहोंत आढळणारे प्रतिजन, असे नाव पडले. संक्षेपाने ते सीईए म्हणून ओळखले जाते.

रक्तात हे द्रव्य अत्यल्प प्रमाणात असते. ते मोजण्याचे साधन रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० च्या सुमारास इन्सुलिनसाठी सिद्ध केलेल्या किरणोत्सारी प्रतिरक्षामापन पद्धतीतून मिळाले. या कार्यासाठी यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक लाभले. बर्सन तोपर्यंत हयात नव्हते. १९६९ मध्ये मॉन्ट्रियलच्या गटाने या पद्धतीने रक्ततपासणी केली, तेव्हा मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाच्या ३६ रोग्यांपैकी ३५ जणांच्या रक्तात हे द्रव्य आढळले. ९७ टक्के हा आकडा पाहून एका रक्तचाचणीने हा रोग ओळखता येईल अशी आशा जगभर पसरली, यात नवल नाही.

ही आशा टिकली नाही. इतर केंद्रांनी ज्या वेळी प्रारंभिक अवस्थेतील रोगी तपासले, त्या वेळी त्यांच्यातील पुष्कळांच्या रक्तात द्रव्याचे प्रमाण वाढलेले नव्हते. याउलट धूम्रपान करणारे, यकृताच्या जीर्ण विकाराने पीडित, आतड्यांचा दाह असलेले अशा कर्करोग नसलेल्या व्यक्तींत ते वाढलेले दिसले. १९७८ मध्ये रॅन्सोहॉफ व फाइनस्टाइन या अमेरिकन संशोधकांनी या घटनेची मीमांसा केली. चाचणीची परीक्षा ज्या रोग्यांवर झाली, ते रोगाच्या सर्व अवस्थांचे प्रतिनिधित्व करीत नव्हते. आणि तुलनेसाठी घेतलेले निरोगी लोकही रुग्णालयात प्रत्यक्ष येणाऱ्या संशयित लोकांसारखे नव्हते, असे त्यांनी दाखविले. १९८० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी भरविलेल्या विचारपरिषदेने निरोगी लोकांत रोग शोधण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असा निर्णय दिला. ज्ञात रोग्याच्या देखरेखीत मात्र तिचे स्थान कायम राहिले, व आजही आहे.

हा निर्णय बीडसारख्या जिल्ह्याच्या बाबतीत किती महत्त्वाचा आहे, ते एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एक लाख प्रौढांत या रोगाचे १० रोगी आहेत असे समजू. चाचणी त्या दहांपैकी ८ जणांना ओळखते आणि निरोगी माणसांपैकी केवळ ५ टक्क्यांना चुकीने रोगी ठरविते, असेही धरू. अशा चाचणीत खूण आढळलेल्या सुमारे ५,००८ लोकांपैकी रोगी अवघे ८ असतील. रोग जितका विरळ, तितके खोट्या खुणांचे प्रमाण अधिक. सर्वांत कमी दर नोंदणाऱ्या जिल्ह्यात आरोग्य-शिबिरातून अशी रक्तचाचणी सरसकट करणे म्हणजे हजारो निरोगी कुटुंबांस धास्ती व खर्च यांच्या दरीत लोटणे होय.

४. प्रतिसादाचे भाकीत : आजवरचा हिशेब

रोगाचा शोध आणि प्रतिसादाचे भाकीत हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दुसऱ्या प्रश्नात सर्वच माणसे रोगी असतात. म्हणून रोगाच्या विरळपणाचा दोष तेथे लागत नाही. याच कारणाने सीईए चाचणीस येथे नवे कार्य मिळाले. उपचारापूर्वी दर मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅम या रूढ मर्यादेच्या आत मूल्य असलेल्या रोग्यांत गाठ पूर्ण विरघळण्याची शक्यता अधिक, असे जुन्या नोंदींवर आधारलेल्या अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

तथापि येथेही संख्येचे बंधन सुटत नाही. पुन्हा एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शंभर रोग्यांपैकी १६ जणांची गाठ पूर्ण विरघळणार आहे. एखादी खूण त्यांपैकी १२ जणांना अचूक हेरते. परंतु उरलेल्या ८४ पैकी एक चतुर्थांश, म्हणजे २१ जणांनाही त्याच वर्गात टाकते. ज्यांना ‘तुमची गाठ विरघळेल’ असे सांगितले गेले त्या ३३ जणांपैकी २१ जणांच्या बाबतीत ते विधान खोटे ठरेल. एवढ्या आधारावर शस्त्रक्रिया टाळणे कोणासही समर्थनीय वाटणार नाही. अवयव राखावयाचा की नाही याचा निर्णय आजही उपचारानंतर बोटाने केलेली तपासणी, दुर्बिणीतून केलेले निरीक्षण व एमआरआय चित्र यांवरच घेतला जातो. एकट्या रक्तनिदर्शकास तो अधिकार अद्याप मिळालेला नाही.

दुसरा निदर्शक हिमोग्लोबिनचा होय. १९५३ साली एल. एच. ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणवायू कमी असलेल्या पेशी किरणांस कमी दाद देतात हे तत्त्व मांडले. त्यावरून रक्तक्षय असलेल्या रोग्यांत किरणोपचाराचा प्रभाव कमी पडत असावा, अशी कल्पना रूढ झाली, व काही अभ्यासांत तिला पुष्टीही मिळाली. परंतु गुदाशयाची गाठ स्वतःच रक्तस्राव घडविते. तेव्हा कमी हिमोग्लोबिन हे मोठ्या गाठीचे लक्षण, की किरणोपचाराच्या अपयशाचे कारण, हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्रात त्यात आणखी एक गुंता आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४·२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ज्या समाजात निरोगी म्हणविणाऱ्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत हे लक्षण आहे, तेथे ते गाठीविषयी काय सांगणार?

तिसरा निदर्शक श्वेतपेशींच्या प्रमाणाचा. न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पेशींचे गुणोत्तर वाढलेले असल्यास रोगाची गती प्रतिकूल असते, असे २००५ पासून आतड्यांच्या कर्करोगाबाबत वारंवार मांडले गेले. या निदर्शकाचे मोठे आकर्षण असे की, तालुक्याच्या प्रयोगशाळेत होणाऱ्या साध्या रक्तगणनेतून तो मिळतो. त्यासाठी वेगळा खर्च नाही. परंतु ताप, जखम, क्षय, कोणताही जंतुसंसर्ग यांनीही हे गुणोत्तर बदलते. शिवाय मर्यादा कोठे आखावी याविषयी अभ्यासा-अभ्यासांत एकवाक्यता नाही.

चौथा आणि सर्वांत नवा निदर्शक म्हणजे गाठीतून रक्तात आलेले डीएनएचे तुकडे. रक्तद्रवात पेशीबाह्य न्यूक्लिइक आम्ले असतात ही गोष्ट मांदेल व मेतॅ या फ्रेंच संशोधकांनी १९४८ सालीच नोंदविली होती. ती उपयोगात येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. ऑस्ट्रेलियात झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या दुसऱ्या अवस्थेतील ४५५ रोग्यांपैकी काहींची केमोथेरपी रक्तातील या तुकड्यांवरून ठरविली. तेथे केमोथेरपी घेणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले, आणि दोन वर्षांनंतर रोगमुक्त असणाऱ्यांच्या प्रमाणात मात्र घट झाली नाही. ही चाचणी गुदाशयाविषयी नव्हती, हे ध्यानात ठेविले पाहिजे. परंतु तिचे महत्त्व पद्धतीत आहे : निदर्शकावर विसंबून उपचार वगळला तर रोग्याचे काय होते, हे तेथे चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेने तपासले गेले.

५. मोजणीची परंपरा : परळ ते बार्शी

महाराष्ट्रात कर्करोगाच्या पद्धतशीर अभ्यासाचा आरंभ परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापासून धरावा लागतो. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी रोग आणि लोकांच्या चालीरीती यांचा संबंध शोधण्याचा जो प्रघात पाडला, तो या देशातील कर्करोग-संशोधनाचा पाया ठरला. १९६३ साली डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या शाखा १९७२ मध्ये पुणे, १९७८ मध्ये औरंगाबाद व १९८० मध्ये नागपूर येथे निघाल्या. त्याच १९६३ साली अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर परळ येथेच स्थापन झाले. अशा रीतीने रक्तातील सूक्ष्म द्रव्ये मोजण्याचे शास्त्र व लोकांतील रोग मोजण्याचे शास्त्र ही दोन्ही एकाच परिसरात वाढीस लागली.

बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. या नोंदणीची पहिली केंद्रे सर्व नागरी असल्याने खेड्यातील रोगाचे चित्र त्यांत उमटत नव्हते. ही उणीव १९८७ साली बार्शी येथे सुरू झालेल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने भरून काढली. डॉ. बी. एम. नेने व डॉ. कस्तुरी जयंत यांची नावे या कार्याशी निगडित आहेत. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील परांडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत आली. भूम हा बीडच्या सीमेस लागलेला तालुका होय. नागरी नोंदणीत कर्मचारी रुग्णालयांच्या दप्तरांतून नावे उतरून घेत. बार्शीत ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली व संशयितांस तपासणीस येण्यास प्रवृत्त केले. जेथे रोगी रुग्णालयाची पायरीच चढत नाही, तेथे केवळ दप्तर पाहून रोगाची गणना होऊ शकत नाही, ही जाणीव या पद्धतीच्या मुळाशी होती.

याच पायावर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी सुरू झाली. ५२ समूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया तीत समाविष्ट होत्या. २००९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू, तर तपासणी न झालेल्या गटात ६४ मृत्यू झाले होते. ३१,४८८ स्त्रियांच्या या दुसऱ्या गटास तपासणी न देण्याच्या नैतिकतेविषयी पुढे वाद झाला, व तो अनाठायी नव्हता. परंतु खेड्यात राहून, चाचणीपासून मृत्यूपर्यंतची साखळी न तोडता, एखाद्या निदर्शकाचा खरा परिणाम मोजता येतो ही गोष्ट बीडच्या शेजारीच सिद्ध झाली, हे नाकारता येत नाही. पुढे नोंदणीची कक्षा उस्मानाबाद व बीड जिल्ह्यांपर्यंत आली आणि आरंभी उल्लेखिलेला आकडा उपलब्ध झाला.

६. बीडच्या आकड्याचा अर्थ

कोणत्याही ऐतिहासिक साधनाप्रमाणे या आकड्याचीही चिकित्सा व्हावयास हवी. कमी दर याचा एक अर्थ असा की, येथे रोग खरोखरच कमी आहे. ग्रामीण भारतात तसे असणे असंभाव्य नाही. दुसरा अर्थ असा की, रोग आहे परंतु नोंद निसटते. जिल्ह्यातील रोगी पुणे, सोलापूर, बार्शी, मुंबई, किंवा २०१२ मध्ये सुरू झालेले औरंगाबादचे शासकीय कर्करोग रुग्णालय असा चहूकडे विखुरतो. शिवाय ज्याचे निम्मे वर्ष कारखान्याच्या फडावर जाते, त्याचा निवास कोठला मानावयाचा? हे दोन्ही अर्थ एकाच वेळी अंशतः खरे असू शकतात.

प्रतिसादाच्या भाकिताशी याचा संबंध दुहेरी आहे. टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रोग्यांचा जो आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाच्या रोग्यांचे सरासरी वय ४७ वर्षे होते. पाश्चात्य देशांत हा बहुतांशी वृद्धांचा रोग आहे. १३ टक्के रोग्यांत मुद्रिकापेशींचा उग्र प्रकार आढळला, जो पाश्चात्य देशांत विरळा असतो. सीईएचा मध्यक ५·८ नॅनोग्रॅम होता. म्हणजे ५ ही रूढ मर्यादा या रोग्यांच्या जवळजवळ मधोमध पडते. गाठीचा प्रकार, रोग्याचे वय व रक्ताची सामान्य स्थिती ही तिन्ही भिन्न असता परदेशी रोग्यांवरून आखलेली मर्यादा येथे जशीच्या तशी लावता येईल, असे गृहीत धरणे शास्त्रशुद्ध नाही. मॉन्ट्रियलच्या ९७ टक्क्यांनी जी चूक करविली, तिची ती पुनरावृत्ती ठरेल.

आणि भाकिताची चूक केवळ कागदावर राहत नाही, याचा दाखला बीडच्याच इतिहासात आहे. ऊसतोड स्त्रियांत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याचे उघड झाल्यावर राज्य शासनाने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींवर, म्हणजे सुमारे १७ टक्के स्त्रियांवर, ही शस्त्रक्रिया झालेली होती. हंगामातील मजुरीचा खाडा, मुकादमाची उचल व स्वच्छतेचा अभाव या कारणांबरोबरच, पिशवी न काढल्यास कर्करोग होईल ही भीतीही अनेक स्त्रियांच्या सांगण्यात आली. ‘पुढे कर्करोग होईल’ हेही एक भाकीतच होय. त्यामागे गणना नव्हती, तुलना नव्हती. होता तो केवळ रोगाच्या नावाचा धाक. गुदाशय राखण्याचे भाकीत याच्या नेमके उलट दिशेने जाते, परंतु त्यामागेही गणना नसेल तर त्याची जात तीच ठरेल. एका भाकिताने निरोगी अवयव जातो, दुसऱ्याने रोगी अवयव राहतो. दोन्हींत भोगणारी व्यक्ती मात्र प्रश्न विचारण्याच्या स्थितीत नसते.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून काही गोष्टी निश्चित म्हणता येतील. निरोगी लोकांत रक्तनिदर्शकाने गुदाशयाचा कर्करोग शोधण्याचा मार्ग बीडसारख्या जिल्ह्यात सर्वांत कमी फलदायी आहे. प्रतिसादाच्या भाकितास रक्तनिदर्शक साहाय्यक ठरू शकतात, परंतु एकट्याने निर्णय देण्याइतका भक्कम निदर्शक अद्याप सापडलेला नाही. आणि जो सापडेल, त्याची मर्यादा येथील रोग्यांवर पडताळून पाहावी लागेल.

ही पडताळणी अशक्य कोटीतील नाही. १९७४ पासून अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. शेजारी बार्शीच्या नोंदणीचा अनुभव आहे. गुदाशयाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या प्रत्येक रोग्याची उपचारापूर्वीची साधी रक्तगणना, हिमोग्लोबिन व सीईए मूल्य एका ठरावीक नमुन्यात नोंदवावे; त्याच दिवशी त्यास ताप वा अन्य संसर्ग होता काय, तो विडी ओढतो काय, वर्षातील किती महिने तो जिल्ह्याबाहेर असतो, हेही लिहावे. तो उपचारास कोठेही गेला तरी त्याच्या गाठीचे पुढे काय झाले ते नोंदणीच्या क्रमांकाशी जोडावे. एका जिल्ह्यातील रोग्यांची संख्या थोडी राहील, म्हणून धाराशिव, लातूर व सोलापूर यांच्या नोंदी त्याच नमुन्यात ठेवून एकत्र कराव्या लागतील. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. दहा वर्षे टिकणारी शिस्त आणि हंगामाहून परतलेल्या रोग्याच्या दारापर्यंत जाणारा कर्मचारी लागतो. बार्शीच्या नोंदणीने १९८७ मध्ये नेमकी एवढ्याच सामग्रीने सुरुवात केली होती.